सन रा यांचा एकट्याचा पियानो: कुठून सुरुवात करू?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. जॅझ ऐकायला लागून मला चारच वर्षं झालीत. कान घडले ते पेटीवर, आजही रोज तासभर बसते. मागच्या महिन्यात अमेरिकन जॅझ संगीतकार सन रा यांच्या ताफ्याची 'स्पेस इज द प्लेस' ही रेकॉर्ड पहिल्यांदा लावली. पहिलाच तुकडा एकवीस मिनिटांचा! आधी नुसता गलका वाटला. मग त्या गलक्याखाली एकच आवर्तन न डगमगता फिरतंय हे ध्यानात आलं आणि जागचं हलवेना. आता कळतंय की हा एवढा मोठा ताफा चालवणारा माणूस एकटा बसून पियानोही वाजवायचा. मला ते दोन हात ऐकायचे आहेत. कुठली रेकॉर्ड आधी घेऊ?

निशाचर
'सेंट लुइस ब्लूज'. दुसरा विचारच करू नका.

३ जुलै १९७७ची न्यूयॉर्कमधली मैफल आहे ही. पॉल ब्ले स्वतः मोठे पियानोवादक, त्यांच्या 'इम्प्रोव्हायझिंग आर्टिस्ट्स'ने ती काढली. हीच आधी का, तर यात ओळखीच्या चाली आहेत, त्यामुळे धरायला दोरी मिळते. नावाचंच गाणं घ्या. डब्ल्यू. सी. हँडी यांची ही रचना १९१४ची. सन रा जन्मले तेही १९१४मध्येच, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, आणि हँडीही मूळचे अलाबामाचेच. म्हणजे हे त्यांच्या मातीतलं, त्यांच्या वयाचं गाणं. पुढे फॅट्स वॉलर यांचं 'हनीसकल रोझ' आहे. त्यात डावा हात ऐका: खाली खर्जाचा सूर, लगेच वर उडी मारून कॉर्ड, परत खाली. याला स्ट्राइड म्हणतात. तो हात जुन्या न्यूयॉर्कचा आणि उजवा कुठल्या कुठे निघालेला. मी ही रेकॉर्ड वीस वर्षं ऐकतोय, आजही त्या दोन हातांमधलं अंतर ऐकताना अंगावर काटा येतो.

लोक त्यांना फक्त 'अवकाशवाले' समजतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९४६-४७मध्ये शिकागोच्या क्लब डिलिसात ते जुन्या स्विंग जमान्यातल्या फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडमध्ये पियानोवर होते, त्यांच्यासाठी संगीतरचना लिहून द्यायचे. पुढे कित्येक वर्षांनी स्वतःच्या ताफ्याकडूनही, म्हणजे 'आर्केस्ट्रा'कडूनही, ते हेंडरसनच्या रचना वाजवून घेत. जुनं त्यांनी कधी टाकलंच नाही.

खर्ज
निशाचर, आदर राखून असहमत. मंद्रताई पेटी वाजवतात, त्यांना ओळखीच्या दोरीची गरज नाही. थेट 'मोनोरेल्स अँड सॅटेलाइट्स' घ्या.

हे १९६६चं ध्वनिमुद्रण. त्याच वर्षी आर्केस्ट्राने न्यूयॉर्कच्या स्लग्ज या क्लबमध्ये दर सोमवारी रात्री वाजवायला सुरुवात केली होती. तिथे ढोल, सॅक्सोफोन, माणसंच माणसं, आणि इथे एकटा पियानो. पहिला भाग १९६८मध्ये त्यांच्याच सॅटर्न कंपनीने काढला, तिसरा तर २०१९पर्यंत बाहेर आलाच नव्हता. आवाज गुळगुळीत नाही, पण त्यामुळेच आपण वाद्याच्या अगदी जवळ बसल्यासारखं वाटतं. पहिल्या भागात 'ईझी स्ट्रीट' हे एकच गाणं बाहेरचं, बाकी सगळं त्यांचं. 'स्पेस टॉवर्स' ऐका. एक स्वरगुच्छ टाकतात, त्याचा आवाज विरेपर्यंत थांबतात, मग दुसरा. आलाप ऐकणाऱ्या माणसाला ही शांतता परकी वाटणार नाही.

मंद्रसप्तक
दोघांचेही आभार! आठवडाभर दोन्ही ऐकतेय. पेटीत आमचा डावा हात भात्यावर अडकलेला, स्वरांसाठी एकच हात उरतो. त्यामुळे डावा हात इतकं बोलू शकतो हे मला नवीनच आहे. 'हनीसकल रोझ'मध्ये तो जणू तबल्यासारखा लय धरून ठेवतो आणि उजवा भटकून नेमका वेळेवर घरी येतो. पण खर्ज म्हणतात तेही पटलं. 'मोनोरेल्स'मध्ये ठेकाच नसतो तिथे मी श्वास रोखून ऐकत होते.

एक शंका. ते स्वतःला शनी ग्रहावरून आलेले म्हणवायचे, हे खरंच मनापासून होतं का?

निशाचर
हो. आयुष्यभर, शेवटपर्यंत. वंशभेद कायद्याने पाळणाऱ्या शहरात ते वाढले. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले. १९५२मध्ये हर्मन ब्लाउंट हे नाव कायदेशीररीत्या टाकून ल सोनी रा झाले. 'मी इथला नाहीच' या वाक्यात मला तरी गंमत दिसत नाही. ज्या जगाने जागा दिली नाही, त्याच्या बाहेर त्यांनी घर बांधलं आणि सगळ्या ताफ्याला तिथे राहायला नेलं.

तांबडफुटी
उशिरा येतेय, पण एक नाव राहिलंय. व्हेनिसच्या फेनिचे नाट्यगृहातला नोव्हेंबर १९७७चा पियानो, २००३मध्ये सीडीवर आला. १९७७ हे वर्षच त्यांच्या एकट्याच्या पियानोचं: मे महिन्यात 'सोलो पियानो, व्हॉल्यूम १', जुलैत निशाचर यांनी सांगितलेली मैफल आणि मग हे. तिन्ही लागोपाठ ऐकलीत तर एकच माणूस तीन वेगवेगळ्या दालनांत काय बोलतो ते कळतं.

मंद्रसप्तक
फेनिचे लगेच शोधते. आणि इलेक्ट्रिक पियानोवर एकट्याने वाजवलेलं काही आहे का?

खर्ज
आहे. पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्ड कॉलेजातली जानेवारी १९८०ची मैफल, सगळी ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोवर. त्या वाद्याचा स्वर घंटेसारखा गोल आणि लांबणारा. ही मात्र रात्री ऐका, हेडफोन लावून, आवाज अगदी बारीक ठेवून. ऐकून झालं की इथे लिहा, मी वाट बघतोय.