शब्दचर्चा: बसमधल्या ‘छेडछाडी’ला काय म्हणायचं?

रामबागची सून
आमच्या इंदूरच्या महिला मंडळातर्फे सिटी बसने आणि मॅजिकने (त्या छोट्या शेअर गाडीने) कॉलेजला, क्लासला जाणाऱ्या मुलींसाठी एकपानी पत्रक काढतोय. हिंदी मजकूर तयार आहे, मराठी माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्याच ओळीला अडले: ‘सफर में छेड़छाड़ हो तो चुप न रहें’. छेडछाड मराठीतही चालतो, पण फार हलका वाटतो. पेपरवाला ‘विनयभंग’ घालावा तर मंडळातली एक मुलगी म्हणाली, “काकू, हात त्याने लावला आणि भंगला माझा विनय?” तिला उत्तर देता आलं नाही. सुचवा काहीतरी.

जुना इंदूरकर
हलकाच आहे तो शब्द. छेड काढणं म्हणजे खोडी काढणं. भाऊ बहिणीची छेड काढतो, सतारीची तार छेडतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गंमत चाललीय. इंग्रजीतलं ‘ईव्ह टीझिंग’ त्याच जातीचं. तमिळनाडूने १९९८ साली कायदा केला तो चक्क ह्या नावाने, मग २००२मध्ये नाव बदलून ‘स्त्रियांचा छळ’ असा अर्थ येईल असं केलं. तेव्हा तुम्हीही सरळ ‘लैंगिक छळ’ लिहा. शुद्ध मराठी आहे, पुण्या-मुंबईकडे रुळलेलाही आहे.

सुदामानगर_बीकॉम
काका, पुण्यात रुळला असेल. आम्ही शाळा हिंदीत शिकलो. आजी “सासूने फार छळलं” म्हणते तेव्हा बरोबर कळतं, पण छापलेला ‘छळ’ दिसला की डोक्यात आधी ‘छल-कपट’ येतं. माझ्या मैत्रिणीने ‘लैंगिक छळ’ वाचून विचारलं, म्हणजे लग्नाचं आमिष दाखवून फसवणं का? इंदूरच्या मराठी मुलींसाठी पत्रक आहे ना, मग तो शब्द बाद.

जुना इंदूरकर
हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. धन्य ते इंदुरी मराठी.

कोर्टाच्या वाटेवर
विनयभंगाबद्दल थोडं. जुन्या दंड संहितेच्या कलम ३५४चा हा मराठी शब्द. हिंदी प्रतीत तिथे ‘लज्जा भंग’ आहे. म्हणजे एकीकडे विनय, दुसरीकडे लज्जा, आणि दोन्हीकडे वस्तू तिचीच. रामबागच्या मुलीचा आक्षेप अगदी रास्त आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी भाषा बदलली नाही, आकडे बदलले: बळाचा वापर करून विनयभंग कलम ७४, नको असलेली लगट आणि अश्लील शेरे ७५, पाठलाग ७८, शब्दाने किंवा हावभावाने अपमान ७९. कलम ७४ला किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा.

पण ताई, आपल्याकडे पोलीस ठाण्यात तक्रार लिहिली जाणार हिंदीत. मुलीने “छेड़छाड़ हुई” एवढंच सांगितलं तर लिहिणारा तेवढंच लिहितो, आणि पुढे आम्हाला काही धरायला उरत नाही. “उजव्या बाजूला उभा होता, कमरेला हात लावला, मी सरकले तर परत लावला” असं सांगितलं तर कोणतं कलम लागतं ते आपोआप ठरतं. म्हणून पत्रकात नाम शोधत बसू नका, क्रियापदं घाला.

स्नेहलतागंज
क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर ‘लागणे’ आणि ‘लावणे’ ह्यांच्याकडे बघा. माझ्या मते सगळी भानगड तिथेच आहे.

“हात लागला” म्हटलं की कर्ता गायब. हात आपोआप लागला, जसा पायाला दगड लागतो. “हात लावला” म्हटलं की कोणीतरी लावला. आता राजवाड्याकडून येणाऱ्या भरल्या बसमधलं भांडण ऐका. ती म्हणते, “हाथ क्यों लगाया?” तो म्हणतो, “अरे, लग गया होगा, भीड़ है.” मागून कोणी काकू, आपल्याच मराठी काकू, समजुतीने म्हणतात, “अगं, गर्दीत लागतोच धक्का.” झालं, ‘लावला’चा ‘लागला’ झाला आणि भांडण मिटलं! मुलगी पुढच्या स्टॉपवर उतरते, तिचा स्टॉप नसताना.

खरं तर फरक ओळखायला व्याकरण लागत नाही. लागलेला हात लगेच मागे जातो, माणूस ओशाळतो, “सॉरी” म्हणतो. लावलेला तिथेच राहतो, किंवा ती सरकली की मागोमाग सरकतो. हे पत्रकात नक्की घाला. मुलींना हाच प्रश्न पडतो की मलाच तसं वाटलं की काय.

भिया_पलासिया
‘गैरवर्तन’ का नको? सभ्य शब्द आहे.

स्नेहलतागंज
तिकीट न काढणं, खिडकीतून थुंकणं, कंडक्टरशी हुज्जत घालणं, सगळंच गैरवर्तन. इतका सभ्य शब्द काय कामाचा, भिया.

कोर्टाच्या वाटेवर
एक गोष्ट राहिली, ती पत्रकात ठळक हवी. नोव्हेंबर २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्देश दिले होते: बसमध्ये असा प्रकार झाला आणि बाईने तक्रार केली, तर ड्रायव्हर-कंडक्टरने गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायची. न नेल्यास परमिट रद्द होऊ शकतं. बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमा, असंही त्यातच होतं. दिल्लीच्या बसमधलं निर्भया प्रकरण घडलं त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे हे त्याच्या आधीचं. तेव्हा “गाडी ठाण्यात घ्या” ही मेहेरबानीची विनंती नाही, मुलींनी बिनदिक्कत म्हणावं. २०१९पासून नव्या प्रवासी गाड्यांमध्ये आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे, तेही कुठे असतं ते बघून ठेवायला सांगा.

सुदामानगर_बीकॉम
आणि शेजारी बसलेल्यांसाठी काही लिहा ना. दर वेळी मुलीलाच “चुप न रहें” का? कोणी नुसतं “काय झालं, ताई?” असं मोठ्याने विचारलं तरी तो माणूस दाराकडे सरकायला लागतो. मी पाहिलंय. ‘सहप्रवासी’ वगैरे लिहू नका, कोणाला आपल्याबद्दल आहे असं वाटणारच नाही. ‘बसमधल्या काका-काकूंनो’ लिहा.

रामबागची सून
सगळ्यांचं मिळून असं केलंय:

“गर्दीत हात लागतो, तो लगेच मागे जातो. मागे गेला नाही तर तो लावलाय. मुद्दाम चिकटून उभं राहणं, वाट अडवणं, घाणेरडं बोलणं, न विचारता फोटो काढणं, उतरल्यावर मागे येणं: हे सगळं गुन्ह्यात मोडू शकतं. मोठ्याने म्हणा: हात काढ! वाहकाला सांगा: गाडी ठाण्यात घ्या. फोन करा: ११२. काका-काकूंनो, ‘जाऊ दे’ म्हणू नका. ‘काय झालं?’ विचारा.”

छेडछाड शब्द कुठेच आला नाही, आणि अडलंही नाही काही.

जुना इंदूरकर
छान. फक्त ‘वाहक’ काढा. इंदुरात वाहक कोणी पाहिलेला नाही.

भिया_पलासिया
कंडक्टर लिहिलं तरी मॅजिकमध्ये कुठे असतो कंडक्टर? ‘गाडीवाल्याला सांगा’ करा, दोन्हीकडे चालेल.

रामबागची सून
केलं. उद्या छापायला देते.