सोसायटीत फुलपाखरांसाठी स्थानिक झाडांचा कार्यक्रम : नियोजन कसे करावे?

प्रश्न : घोडबंदरवासी
आमची सोसायटी कासारवडवलीजवळ असून गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात. गेल्या वर्षी आम्ही जागतिक मधमाशी दिनी, म्हणजे २० मे रोजी, रोपवाटपाचा कार्यक्रम केला. भाषणे झाली, फोटो निघाले. मात्र वाटलेल्या चाळीस रोपांपैकी पाऊस सुरू होईपर्यंत जेमतेम सहा जगली, आणि कुंपणालगतच्या कढीपत्त्याची पाने अळ्यांनी खाल्लेली दिसताच माळ्याने त्यावर औषध मारले. यंदा कमिटीने पुन्हा परवानगी दिली आहे, पण खर्च पाच हजारांच्या आत ठेवण्याची अट आहे. कार्यक्रम कधी घ्यावा आणि कोणती रोपे निवडावीत, याबाबत अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : येऊरवाट
ताई, ठाण्याच्या मे महिन्यात रोप हाती देणे म्हणजे त्याला निरोप देण्यासारखेच आहे. लागवड जूनअखेरीस उरकावी आणि लोकांना सप्टेंबरात बोलवावे. तेव्हा फुलपाखरे भरपूर असतात आणि देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ही पाळला जातो.

आपल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या बहुधा ‘कॉमन मॉर्मन’ या फुलपाखराच्या असाव्यात. ही अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते, आणि काडीने हलकेच स्पर्श केल्यास डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. आमच्या सोसायटीत मुलांनी हे पाहिले त्या दिवशी पाहुण्यांचे भाषण ऐकायला कोणी उरले नाही. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेले नीलवंतही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते. म्हणून कुंपणाला दोन लिंबे आणि एक बेल लावावा. त्याखेरीज रुई आणि जागा असल्यास बहावा पुरेसा आहे. पानफुटी मूळची मादागास्करची, पण ‘रेड पिएरो’ची अळी तिच्या मांसल पानाच्या आत शिरून ते पोखरते आणि हे पान उजेडात धरले की अळी आरपार दिसते, त्यामुळे एक कुंडी मी स्थानिक झाडांचा नियम मोडूनही ठेवतो.

उत्तर : नेरूळ सेक्टर
वरील मताशी सहमत आहे, फक्त एक इशारा द्यावासा वाटतो. आमच्या कंत्राटदाराने ‘फुलपाखरू उद्यान’ म्हणून घाणेरीचे ताटवे लावून दिले. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ही परदेशी वनस्पती पक्ष्यांमार्फत पसरून रानात शिरली की आवरत नाही, आणि तुमच्याकडे तर जंगल भिंतीपलीकडेच आहे. तसेच रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असू शकते. विचारूनच घ्यावे, शक्य असल्यास शेजाऱ्यांकडून फांद्या किंवा बिया मागाव्यात. पाच हजारांतील निम्मे कुंड्या-मातीवर गेले तरी चालतील, भेटवस्तूंवर मात्र एक रुपयाही घालू नये.

उत्तर : माजी सेक्रेटरी
मूळ अडचण रोपांची नसून फवारणीच्या वेळापत्रकाची आहे, असे मला वाटते. कार्यक्रमाआधी कमिटीच्या बैठकीत ठराव करून घ्यावा की ठरावीक कोपऱ्यात फवारणी आणि छाटणी होणार नाही; अन्यथा बदली माळी आला की पुन्हा तेच. मधमाश्यांबाबत रहिवासी घाबरतात, त्यांना फरक दाखवावा. आग्या मोहोळ उंच सज्जाखाली लोंबते आणि त्याच्यापासून दूर राहणेच योग्य. सातेरी मधमाशी पोकळीत राहते. आणि भिंतीच्या फटीतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली तर त्या माश्यांना डंखच नसतो. आमच्या मीटरखोलीच्या चौकटीत अशी नळी आहे, आणि तिथे कोणी पंप घेऊन जाऊ नये म्हणून मी स्वतः पाटी लावली.

उत्तर : घोडबंदरवासी
सर्वांचे आभार. ठरावाचा मसुदा आज लिहिला असून माळीकाकांनाच त्या कोपऱ्याची जबाबदारी देण्याचे ठरले आहे, अळी दाखवल्यावर ते म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर मारलंच नसतं.” सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता मुलांना कढीपत्त्यापाशी जमवणार आहोत, आणि त्याआधी पाचसहा पालकांना ओवळ्याच्या ओवळेकर वाडी या फुलपाखरू उद्यानात घेऊन जाण्याचा विचार आहे. वेळ सकाळचीच ठेवावी का, की उन्हे थोडी वर आल्यावर नऊनंतर बोलवावे?

उत्तर : येऊरवाट
साडेनऊ ठेवावी. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरे उडत नाहीत.