फोरट्रान ७७ मधील जुना प्रोग्राम मोडीत काढावा का?

प्रश्न : आमच्या विभागात द्रवगतिकीचा एक जुना प्रोग्राम फोरट्रान ७७ मध्ये, म्हणजे फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत आहे. नव्या विद्यार्थ्यांना तो वाचताच येत नाही, म्हणून तो संपूर्णपणे पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत लिहावा असा आग्रह धरला जात आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १ : आयबीएमने १९५७ साली आणलेली फोरट्रान ही भाषा केवळ वयामुळे बाद ठरवू नये. लॅपॅक हा रेखीय बीजगणिताच्या तयार उपप्रोग्रामांचा संच (लायब्ररी), ज्याचा आधार पायथनमधील आकडेमोडीची लायब्ररी नमपायही घेते, मुळात फोरट्रानमध्येच आहे. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचे प्रारूपही बहुतांशी तसेच.

उत्तर २ : सहमत आहे, परंतु ७७ ची लेखनशैली मात्र जायलाच हवी. त्यात ओळीतील ७२व्या स्तंभापुढचा मजकूर कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) सोडून देतो, आणि घोषित न केलेले व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू होत असेल तर ते पूर्णांक धरले जाते. त्यामुळे नावात एक अक्षर चुकले तरी नवेच व्हेरिएबल तयार होते आणि उत्तर बिनबोभाट चुकते. प्रत्येक उपप्रोग्राममध्ये आधी ‘इम्प्लिसिट नन’ (प्रत्येक व्हेरिएबल घोषित करायला लावणारी सूचना) घाला, मग कॉमन ब्लॉक (उपप्रोग्रामांनी सामायिक वापरायची जागा) काढून त्याऐवजी फोरट्रान ९० या पुढच्या आवृत्तीतील मॉड्यूल आणा, आणि दर टप्प्यावर जुन्या उत्तरांशी पडताळणी करा.

प्रश्नकर्ता : पडताळणीत शेवटच्या दशांश स्थळांत फरक आला तर?

उत्तर २ : संगणक प्रत्येक पायरीला आकडे किंचित गोल करतो, म्हणून बेरजेचा क्रम बदलला की तो येतोच. किती फरक चालेल हे भौतिकीच्या आधारे आधीच लिहून ठेवावे.