साखर वाढल्यावर हात आपोआप उडणे (हेमिकोरिया) : मदत हवी आहे

नमस्कार. माझी आत्ती, वय ६८, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. मधुमेह जुना, पण गोळ्यांची कायम चालढकल. मध्यंतरी तिचा डावा हात आपोआप उडायला लागला. ही साधी थरथर नाही. हात खांद्यापासून फेकल्यासारखा जातो, बोटं वळवळतात, मधूनच पायही झटका देतो. चारचौघांत बसली की तळहात मांडीखाली दाबून ठेवते, तरी खांदा हलतोच. झोप लागली की मात्र सगळं शांत.

गल्लीतल्या बायकांनी ‘बाहेरचं’ म्हणून ठरवूनच टाकलं, दृष्ट काढून झाली. आता आत्तीलाही तसंच वाटायला लागलंय, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कारण तपासणीत साखर पाचशेच्या वर निघाली आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, पुटामेन नावाच्या भागात, पांढरट डाग दिसला. उजवीकडचा बिघाड शरीराच्या डाव्या बाजूला दिसतो.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कुठली हालचाल सोडायची आणि कुठली अडवायची, हे ठरवण्यात मेंदूच्या खोलातल्या बेसल गँग्लियाचा मोठा वाटा असतो. तिथला ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग थॅलॅमसला, म्हणजे हालचालीचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या केंद्राला, दाबून धरतो. बेसल गँग्लियातलेच पुटामेन किंवा सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे भाग बिघडले की ही पकड सैल होते आणि नको त्या हालचाली सुटतात. पार्किन्सनमध्ये याच्या उलट: डोपामीन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं, पकड घट्ट होते, माणूस जखडतो. आत्तीला दिलेलं हॅलोपेरिडॉल डोपामीनचंच काम अडवतं. त्यामुळे हात कमी उडतो, पण ती दिवसभर गुंगीत असते आणि चाल ताठरली आहे.

इन्सुलिनने साखर आता ताब्यात आहे. त्यानंतर बहुतेकांचा त्रास ओसरतो म्हणतात, पण आत्तीचा हात अजून पूर्ण थांबलेला नाही. कुणाच्या घरी असं झालं असेल तर थांबायला किती काळ लागला? पुढे टेट्राबेनाझिन या दुसऱ्या औषधाचा विचार चालू आहे. त्याने मन खचू शकतं असं कळलं, म्हणून घेतलेल्यांचा अनुभव हवाय. डोस डॉक्टरच ठरवतील, तो विचारत नाही.

आणि घरातल्या मोठ्यांना हे कसं पटवलंत तेही सांगा. येत्या रविवारी आत्तीला अंगारा लावायला न्यायचं ठरतंय. नेऊ देत, माझी ना नाही. फक्त त्यापायी इन्सुलिन बंद व्हायला नको.