पोस्टग्रेस एक्स्टेंशन: प्रत्येक कनेक्शनला तेच रँडम आकडे का मिळतात?

प्रश्न
पोस्टग्रेस (डेटाबेस) १६, लिनक्स. माझं एक्स्टेंशन (जोड-मॉड्यूल) शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच लोड होणाऱ्या यादीत आहे. रँडम आकडा काढून साधारण १ टक्का क्वेरी लॉग करायच्या आहेत. _पीजी_इनिटमध्ये (लायब्ररी लोड होताना चालणारं फंक्शन) स्वतःची स्टेट, म्हणजे रँडम आकडे जिच्यातून निघतात ती साठवण, पीजी_पीआरएनजी_स्ट्राँग_सीडने भरली आहे (सीड म्हणजे सुरुवातीचं मूल्य), तरी प्रत्येक नव्या कनेक्शनचा पहिला आकडा हुबेहूब तोच येतो. सर्व्हर रीस्टार्ट केला की बदलतो, पण पुन्हा सगळीकडे एकच. चुकतंय कुठे?

उत्तर १
सीड पक्काच आहे, पण तो एकदाच पडतोय. प्रीलोड लायब्ररीचं _पीजी_इनिट पोस्टमास्टरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसमध्ये चालतं. कनेक्शन आलं की पोस्टमास्टर फोर्क करतो (स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस बनवतो) आणि तुमची १२८ बिटांची स्टेट जशीच्या तशी चाइल्ड प्रोसेसकडे जाते. पोस्टमास्टर स्वतः त्यातून आकडे काढत नाही, त्यामुळे सगळे एकाच जागेवरून सुरू होतात. एकच क्वेरी चालवून बंद होणारी कनेक्शन असतील, तर सगळ्या लॉग होतील नाहीतर एकही नाही. विंडोजवर हे दिसणार नाही. तिथे फोर्क नाही, लायब्ररी प्रत्येक प्रोसेसमध्ये नव्याने लोड होते.

स्वतःची स्टेट काढून टाका, पोस्टग्रेसची तयार पीजी_ग्लोबल_पीआरएनजी_स्टेट वापरा. प्रत्येक चाइल्ड सुरू होताना पोस्टग्रेसचं इनिटप्रोसेसग्लोबल्स फंक्शन ती नव्याने सीड करतं. पोस्टग्रेससोबत येणाऱ्या ऑटो_एक्सप्लेन (क्वेरींचे प्लॅन लॉग करणारं मॉड्यूल) याचं सॅम्पलिंग असंच चालतं: पीजी_पीआरएनजी_डबल ० ते १ मधला आकडा देतं (१ कधीच नाही), तो ०.०१ पेक्षा लहान आला की क्वेरी घ्यायची.

प्रश्नकर्ता
जमलं, आता आकडे वेगळे येतात. पण टेस्टमध्ये तोच क्रम परत हवा असेल तर? एसक्यूएलच्या सेटसीड फंक्शनने सीड दिला तरी काहीच फरक पडत नाही.

उत्तर २
पडणारही नाही. आवृत्ती १२ पासून एसक्यूएलच्या रँडमची स्टेट वेगळी आहे आणि सेटसीड फक्त तिलाच हात लावतं. टेस्टपुरती स्वतःची स्टेट ठेवा, सीड सेटिंगमधून घ्या आणि पीजी_पीआरएनजी_सीड बॅकएंडमध्ये (कनेक्शनच्या चाइल्ड प्रोसेसमध्ये) पहिल्या वापराच्या वेळी चालवा. _पीजी_इनिटमध्ये अजिबात नको.

मर्यादेतला पूर्णांक हवा असेल तर मॉड्युलो (भागून बाकी घेणं) टाळा. ८ बिटांचे २५६ आकडे १०० ने भागून बाकी घेतली, तर ० ते ५५ तीनतीनदा येतात, ५६ ते ९९ दोनदोनदाच. पीजी_पीआरएनजी_युइंट६४_रेंज जास्तीचा आकडा टाकून देऊन पुन्हा काढतं. त्याची दोन्ही टोकं धरलेली असतात, म्हणून एन घरांच्या ॲरेसाठी ० ते एन वजा १ द्या. ॲरेच्या बाहेर एक घर जाण्याची चूक इथेच होते.

उत्तर ३
उद्या याच कोडमधून टोकन (लॉगिनची गुप्त खूण) किंवा सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायचा रँडम मजकूर) काढावंसं वाटलं तर पीजी_पीआरएनजीची फंक्शन्स मुळीच वापरू नका. आवृत्ती १५ पासून त्यांच्या आतमध्ये झोरोशिरो१२८ हा अल्गोरिदम आहे: वेगवान, पण थोडे आकडे पाहिले की पुढचे काढता येतात. गुप्त गोष्टींसाठी पीजी_स्ट्राँग_रँडम, आणि त्याचं उत्तर तपासाच. फॉल्स आलं तर थेट एरर द्या, बफर वापरू नका.