रॉड, तंबू, लाइफ जॅकेट: मागितलं की द्यायचंच का?

दापोलीकर: कपाटात पडून असलेला तंबू किंवा मासे गरवायचा रॉड कुणी मागितला तर सरळ द्यावा. पूर्वी एकाचं जाळं अख्ख्या वाडीत फिरायचं. आता जो तो कुलूप लावून बसलाय. कद्रूपणा आहे हा.

हर्णैकर: ‘कद्रू’ वाचून राहवलं नाही. जाळं फिरायचं, कारण नेणाऱ्याला ते सांधता यायचं. फाटलं तर रात्री बसून सांधून आणून द्यायचा. माझा रॉड गरवायला नेणाऱ्याने रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, वाळूत टेकवलं, खाऱ्या पाण्यासकट डिकीत टाकलं आणि गणपती झाल्यावर परत केलं. हँडल फिरवलं की आत वाळू करकरते. तंगुसाखाली, म्हणजे नायलॉनच्या दोरीखाली, मिठाचा पांढरा थर, स्प्रिंग गंजून बसलेली. वर मलाच ऐकवलं, “काही लागलंच नाही हो.”

चिपळूणकर: गोड्या पाण्याने धुऊन आण, एवढं सांगायचं होतंत की.

गुहागरकर: गोडं पाणी मे महिन्यात कुठून आणायचं? आमच्या वाडीची विहीर तळाला गेलेली असते. प्यायला टँकर, आणि रील धुवायचं? तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्यातून सगळा झिरपून जातो.

चिपळूणकर: जांभ्याला दोष देऊ नका. पाऊस सरला की ओढ्यावर पाणी अडवायला पोत्यांचे वनराई बंधारे घालायला किती जण येतात? आमच्याकडे दरवर्षी तीच चार डोकी पोती भरतात.

गुहागरकर: आम्ही पोती भरायची आणि शेजारचा रिसॉर्टवाला बोअर मारून उपसणार. त्याच्या स्विमिंग पूलवर बोला आधी!

चिपळूणकर: बोलतोच. ग्रामसभेला या. तिथे कुणी तोंड उघडत नाही.

देवबागकर: अरे, विषय काय चाललाय! दापोलीकर, माका पटला नाय. तंबू आणि लाइफ जॅकेट एका मापाने मोजू नका. पाहुणे होडीत जॅकेट बुडाखाली घेऊन बसतात. आतला फोम दबला की तरंगवायची ताकद कमी होते आणि वरून कापड नव्यासारखंच दिसतं. चढाईच्या दोराचंही तेच. उन्हात नायलॉन कमजोर होतं, ते डोळ्यांना कळत नाही. माझ्याकडून गेलेल्या जॅकेटमुळे कुणी बुडालं तर त्याच्या आईला काय सांगू? सख्ख्या भावालाही देत नाही मी.

दापोलीकर: बरं, जॅकेट आणि दोराचं मान्य. तंबूचं मात्र नाही. तंबूने कुणी मरत नाही.

हर्णैकर: तंबू न्या. पण झिपमधली वाळू झटकून, वाळवून आणा. ओला गुंडाळून ठेवलात तर आतलं कोटिंग चिकट होऊन सुटतं. तसं झालं तर पैसे भरून घेईन, आत्ताच सांगतो. रॉड मागू नका.

दापोलीकर: शनिवारी येतो तंबू न्यायला.