उत्तर बरोबर, पण बेरीज का?

प्रश्न असा होता: रेषा अब आणि कड समांतर, त्यांच्या मधे बिंदू प, ब, ड आणि प हे अक च्या एकाच बाजूला. कोन बअप ३५°, कोन डकप ४८°, तर कोन अपक किती? वरच्या उत्तरात दोन्ही कोनांची बेरीज करून ८३° दिलंय, ते बरोबरच आहे. पण ‘दोघांची बेरीज करा’ एवढंच सांगितलं तर पोराच्या हाती काही लागत नाही. उद्या प समांतर रेषांच्या बाहेर गेला, की तिथे वजाबाकी लागते आणि हा बेरीज करून मोकळा होतो.

प मधून तिसरी समांतर रेषा तुटक काढायला लावा. मग कोन अपक दोन तुकड्यांत फुटतो, एक ३५°, दुसरा ४८°, दोन्ही व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन, ते समान असतात). आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडची मुलं हे केळीच्या बागेत चटकन पकडतात: ठिबकच्या दोन नळ्यांवर दोरीची टोकं धरायची, मधे ताणून कोपरा करायचा आणि कोपऱ्यावरून तिसरी नळी गेली असं समजायचं.

आकृतीवर कोनमापक ठेवू देऊ नका. परीक्षेतल्या आकृत्या मापात असतीलच असं नाही; प्रत्येक पायरीचं कारण लिहिल्याशिवाय पुढची ओळ नको.

पडताळा हवाच. अप पुढे वाढवून कड ला इ मधे छेदू द्या. त्रिकोण पकइ मधे इ पाशी ३५° (व्युत्क्रम), क पाशी ४८°, आणि अपक हा त्याचा बाह्यकोन. बाह्यकोन म्हणजे दूरस्थ आंतरकोनांची, त्याला न लागून असलेल्या आतल्या दोन कोनांची, बेरीज: पुन्हा ८३°.